चांदीच्या कागदाची तात्पुरती सोय

जुन्या मोटारींचा विषय निघाला की आपल्या बडोद्यातील माणसे चटकन रंगात येतात. कोणाच्या आजोबांकडे कोणती गाडी होती, ती कोणत्या साली घेतली, पुढे ती कोणाला विकली आणि विकल्यावर घरात किती दिवस कोणी जेवले नाही, येथपर्यंत गोष्टी जातात. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. मीही गेलो होतो. आरशासारखी लखलखणारी मडगार्डे, पितळी दिवे, हाताने शिवलेल्या चामड्याच्या बैठका पाहून इतरांप्रमाणे माझेही भान हरपले. माणसे रंग पाहत होती, चाकांच्या आऱ्या मोजत होती, कोणी इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत होते. परंतु ‘हिचे फ्यूज कुठे आहेत हो?’ असा प्रश्न कोणी विचारलेला माझ्या तरी कानी पडला नाही. खरे सांगावयाचे तर, त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे घडले ते घडले नसते, तर माझ्याही मनात तो प्रश्न आला नसता.

आमची गाडी काही राजवाड्यातली नव्हे. दांडिया बाजारातल्या घराच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडीत उभी असणारी ती एक मॉरिस मायनर आहे. वडिलांनी, म्हणजे नानांनी, ती जुनीच विकत घेतली होती. नाना गेल्यावर ती कित्येक वर्षे ताडपत्रीखाली पडून होती. पुढे दादाने आणि मी मिळून ती उभी करावयाचे ठरविले. रंग झाला, क्रोम झाले, बैठकांची कापडे झाली. पैसा पाण्यासारखा गेला. तारांकडे मात्र आम्ही दोघांपैकी एकानेही पाहिले नाही. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता. आणखी काय पाहावयाचे?

एका रात्री दोनच्या सुमारास वहिनींना जाग आली. “अहो, काहीतरी जळतंय,” म्हणून त्यांनी दादाला उठविले. शेडीत जाऊन पाहतो तो बॉनेटच्या फटीतून धूर येत होता. गाडी दोन दिवस जागची हललेली नव्हती. तिची चावी दिवाणखान्यातल्या खुंटीला लटकत होती. आणि तरीही ती आतल्या आत धुमसत होती! बॅटरीची तार काढली की सारे थांबेल एवढे आम्हांला कळत होते, पण तिचा नट गंजलेला आणि पाना सापडेना. पाना सापडून तार सुटेपर्यंतची ती तीन-चार मिनिटे मी जन्मात विसरणार नाही. शेडीला लागूनच स्वयंपाकघराची भिंत आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी फ्यूजच्या पेटीचे झाकण काढले, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “मोटाभाई, आ शुं?” पेटीत दोन फ्यूज होते. त्यांतल्या एकाच्या काचेच्या नळीला सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घट्ट गुंडाळलेला होता. दादाने तो पाहताच ओळखला. आम्ही लहान असताना डाकोरहून परतताना रात्री हॉर्न बंद पडला होता, आणि नानांनी रस्त्याच्या कडेला, कंदिलाच्या उजेडात ही ‘तात्पुरती सोय’ केली होती. नंतर त्यांनी हॉर्नची घासलेली तार शोधून तिला काळी चिकटपट्टीही गुंडाळली होती. फक्त कागद काढावयाचा राहून गेला. पुढे वर्षे लोटली, चिकटपट्टी वाळून सुटली, तार पुन्हा त्याच जागी पत्र्याला टेकू लागली. या खेपेस मात्र तिला अडविणारे कोणी उरलेले नव्हते.

येथे मोटारीच्या पोटातील थोडी माहिती सांगणे भाग आहे. त्या काळच्या बऱ्याच इंग्रजी गाड्यांप्रमाणे आमच्या गाडीतही अवघे दोन फ्यूज. एक हॉर्नच्या बाजूचा. त्यात वीज बॅटरीतून थेट येते, म्हणून चावी काढली तरी तो जिवंत असतो. दुसरा वायपर, पेट्रोलचा काटा, ब्रेकचा मागचा दिवा यांसाठी. तो चावी फिरविल्यावरच जागा होतो. पेटीतच दोन जादा फ्यूज ठेवावयाची खोबण असते. आमच्या पेटीतल्या दोन्ही खोबणी रिकाम्या होत्या. त्या भरलेल्या असत्या, तर नानांना सिगारेटचे पाकीट उघडावे लागले नसते.

आणि पुढचे मोठे दिवे? त्यांना फ्यूजच नाही. बॅटरीकडून येणारी तपकिरी तार आणि चावीकडून जाणारी पांढरी तार यांनाही नाही. हे ऐकून प्रथम माझा विश्वास बसेना. पण त्यामागे विचार होता. अंधाऱ्या रस्त्यावर वेगाने जाताना फ्यूज उडून दोन्ही दिवे एकदम गेले तर माणूस मरेल, त्यापेक्षा तार तापली तरी चालेल, असा तो हिशेब होता. तार नवी आणि तिचे वेष्टन मऊ असताना हा हिशेब कदाचित बरोबरही असेल. परंतु साठ-सत्तर वर्षांनी, रबर वाळून त्याचा भुगा झाल्यावर आणि त्यावरचे सुती विणकाम हात लावताच गळू लागल्यावर, तोच हिशेब कायम धरणे म्हणजे आजोबांच्या वयात नातवाच्या उड्या मारण्यासारखे आहे.

फ्यूजची कल्पना मोटारीपेक्षा जुनी. १८४७ साली लुई ब्रेगे या फ्रेंच गृहस्थाने तारायंत्राच्या ठाण्यांना विजेच्या लोळापासून वाचविण्यासाठी वाटेत बारीक तार घालावी असे सुचविले. लोळ आला की ती बारीक तार वितळावी आणि किमती यंत्र वाचावे. पुढे १८९० मध्ये एडिसनने फ्यूज बसविण्याच्या ठोकळ्याचे पेटंट घेतले. योगायोग असा की आपला लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला तो त्याच साली, आणि सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले तेही त्याच साली. ते असो. मुद्दा एवढाच की सबंध यंत्रात हा एकच भाग असा आहे, जो नष्ट होण्यासाठीच बनविला जातो. बाकीचे सारे टिकावे म्हणून तो मोडतो. तो मोडला म्हणजे त्याचे काम फत्ते झाले. आपण मात्र तो ‘बिघडला’ असे म्हणतो आणि त्याच्यावरच रागावतो. घरातल्या चिनी मातीच्या कट-आउटमध्ये एका तारेऐवजी चार तारा पिळून घालणारी आपली जी सवय, तीच मोटारीत चांदीच्या कागदाच्या रूपाने अवतरते.

तारेची जाडी ही गंमत नव्हे. प्रीस नावाच्या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच दाखवून दिले होते की, तार दुप्पट जाड केली तर ती वितळावयास लागणारा प्रवाह दुप्पट नव्हे, जवळजवळ २.८ पट होतो. युद्धापूर्वीच्या ज्या गाड्यांत काचेची नळी नसून उघडी तार बांधावयाची असते, त्यांच्या मालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ‘अंमळ जाड असली तर काय बिघडते?’ या प्रश्नाचे उत्तर त्या २.८ मध्ये आहे.

याहून फसवी गोष्ट आकड्यांची आहे, आणि ती चांगल्या चांगल्या जाणकारांना फसविते. इंग्रजी लुकास पद्धतीच्या नळीत कागदाची बारीक पट्टी असते. तिच्यावर ३५ अँपिअर असे छापलेले असते. हा आकडा फ्यूज उडण्याचा आहे. सतत वाहून नेण्याची त्याची ताकद निम्मी, म्हणजे सुमारे साडेसतरा अँपिअर. अमेरिकी काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेले असेल, तर तो पस्तीस अँपिअर सतत वाहून नेतो आणि त्याहून पुष्कळ वर गेल्याशिवाय उडत नाही. दोन्ही नळ्या सारख्याच जाडीच्या. अमेरिकी नळी सुमारे ३२ मिलिमीटर लांब, इंग्रजी तिच्याहून दोन-तीन मिलिमीटर आखूड, पण थोडी दाबली की खोबणीत बसते. म्हणजे प्रामाणिक माणूस पुस्तकात ३५ वाचतो, दुकानातून ३५ आणतो, बसवितो आणि निर्धास्त होतो. प्रत्यक्षात त्याने सतरा-अठरा अँपिअरसाठी योजलेल्या तारेवर दुप्पट ताकदीचा पहारेकरी ठेवलेला असतो. चोर आत शिरून घर धुऊन नेईपर्यंत हा पहारेकरी जागचा हलत नाही. चांदीचा कागद निदान दिसतो तरी. ही चूक डोळ्यांना दिसतही नाही.

फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे, हे आता सांगावयास नको. पण कारण काय असते? कधी तार टेकलेली असते. कधी मागाहून जोडलेल्या पंख्याचा किंवा रेडिओचा भार पडलेला असतो. आणि पुष्कळदा दोष फ्यूजच्या खोबणीतच असतो. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कसे कळकते, हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे. फ्यूज धरून ठेवणाऱ्या पितळी चिमट्यांवर तसलाच हिरवा थर बसतो. तेथे वीज अडखळते, चिमटा तापतो, नळीच्या टोकाचे डाख मऊ होते आणि प्रवाह योग्य असतानाही फ्यूज जातो. अशा वेळी बॅटरी सोडवून चिमटे बारीक पॉलिश कागदाने घासावेत, सैल झाले असतील तर हलक्या हाताने आवळावेत. या कामाला दहा मिनिटे लागतात. मोठा फ्यूज घालावयास दहा सेकंद. आपण कोणते निवडतो ते सांगावयास नकोच.

आता खऱ्या वादाकडे येतो. त्या घटनेनंतर मिस्त्रींनी सुचविले की जुनी पेटी फेकून द्यावी आणि आजच्या गाड्यांत असते तशी रंगीत, चपट्या पात्यांच्या फ्यूजची पेटी बसवावी. मी तत्काळ होकार दिला. दादा मात्र हट्टाला पेटला. “नानांनी ठेवली आहे तशी राहील. गाडी जुनी ठेवायची तर जुनीच ठेवा, नाहीतर नवी घ्या,” असे म्हणून तो उठून गेला. आठ दिवस आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी मोजकेच बोललो. आज विचार करता वाटते, आम्ही दोघेही चुकत होतो.

दादाची बाजू आधी घेतो, कारण तीच मोलाची आहे. चपट्या पात्यांचे फ्यूज अमेरिकेत १९७६ साली आले. १९५० च्या सुमाराच्या गाडीचे बॉनेट उघडावे आणि आत तांबडे, निळे, पिवळे प्लास्टिक दिसावे, हे पैठणीला नायलॉनचा काठ लावण्यासारखे आहे. जुनी वस्तू जपावयाची ती केवळ तिच्या रूपासाठी नव्हे. त्या काळच्या माणसाने अडचणीतून कसा मार्ग काढला, कोठे काटकसर केली, कोठे तो चुकला, हे तिच्यात वाचता येते. दोनच फ्यूज असलेली ती काळी पेटी हे अशा इतिहासाचे एक पान आहे. ते फाडून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण दादा ज्याला ‘नानांचे’ म्हणत होता ते काय होते? गाडी बांधणाऱ्याने तेथे फ्यूज ठेवला तो तार वाचावी म्हणून. चांदीचा कागद गुंडाळल्यावर पेटी अस्सल राहिली, पण तिचे काम अस्सल राहिले नाही. जे राखावयाचे ते वस्तूचे रूप आणि वस्तूचा हेतू, दोन्ही. हेतू मेला आणि रूप राहिले, तर आपण जपतो ते कलेवर. मला वाटते, जुन्या वाड्यांपासून जुन्या रीतींपर्यंत कितीतरी बाबतींत आपली हीच गफलत होते. बाहेरची लाकडी महिरप आपण पॉलिश करतो आणि आतली वाळवी खातच असते.

कायद्याची भीती घालणारेही भेटतात. ‘हात लावलात तर गाडी व्हिंटेज राहणार नाही,’ असे ते सांगतात. २०२१ साली केंद्र सरकारने अशा वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. तिला नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. योग्य फ्यूज घातल्याने किंवा दिव्यांच्या तारेला संरक्षण दिल्याने सांगाडाही बदलत नाही, बॉडीही नाही आणि इंजिनही नाही. जगभरच्या जुन्या मोटारींच्या जाणकारांतही साधारण असाच विचार मान्य आहे की, सुरक्षिततेसाठी बदल करावा लागला तर तो नजरेत न भरणारा आणि पुन्हा काढता येण्यासारखा असावा, व काढलेला मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावा. आपल्याकडे मूर्तीला वज्रलेप करताना जो विवेक ठेवावयाचा, तोच हा.

शेवटी आम्ही काय केले ते सांगतो. जुनी पेटी जागेवरच राहिली. तिचे चिमटे घासले, तिच्यात योग्य जातीचे दोन फ्यूज घातले आणि रिकाम्या खोबणींत दोन जादा ठेवले. जळालेला तारांचा जुडगा सुती विणकामाच्याच नव्या तारांनी, मूळ रंगांप्रमाणे बांधून घेतला आणि पत्र्यातून तारा जातात तेथे नवी रबरी कडी बसविली. पुढच्या दिव्यांच्या तारांना डॅशबोर्डच्या मागे, दिसणार नाहीत अशा जागी, छोटे फ्यूज घातले. डाव्या आणि उजव्या दिव्याचे वेगळे घातले, म्हणजे एक गेला तरी दुसरा उजेड देईल. मोठ्या दिव्यांची जोडी ८४ वॅटची, बॅटरी १२ व्होल्टची. भागाकार केला तर दोन्ही दिव्यांना मिळून सात अँपिअर, प्रत्येकी साडेतीन. हा हिशेब शाळेतल्या मुलालाही येईल. ज्यांची गाडी ६ व्होल्टची आहे त्यांनी मात्र ध्यानात ठेवावे की तेवढ्याच उजेडाला तेथे दुप्पट प्रवाह लागतो. शेजाऱ्याच्या १२ व्होल्टच्या गाडीतला आकडा उसना घेऊन त्यांचे भागणार नाही. ज्यांना दिवा एकदम जाण्याचीच धास्ती वाटते, त्यांना दुसराही मार्ग आहे. जुन्या फोर्ड गाड्यांत दिव्यांना दोन धातूंच्या पट्टीचा कट-आउट असे. भार वाढला की पट्टी तापून वाकते आणि प्रवाह तोडते. निवली की पुन्हा जोडते. दिवे लुकलुकतात, पण चालकाला गाडी कडेला घेण्याइतका अवसर मिळतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बॅटरीच्या टोकाशी हाताने फिरवून प्रवाह तोडता येईल अशी कळ बसविली. गाडी शेडीत उभी केली की ती कळ फिरवावयाची, हे आता वहिनींनी स्वतःकडे घेतले आहे. त्या म्हणतात, “गॅसचा खटका बंद करते, तसा हाही.” मला वाटते, आम्हां दोघा भावांच्या आठ दिवसांच्या वादापेक्षा त्यांचे हे एक वाक्य अधिक शहाणे होते.

यावरून प्रदर्शने भरविणाऱ्या मंडळींना एक सुचवावेसे वाटते. गाडीला गुण देताना रंगाबरोबर तारांचीही तपासणी व्हावी. फ्यूज योग्य आहे काय, उघडी तार पत्र्याला टेकते काय, बॅटरी चटकन तोडता येते काय, आग विझविण्याचे नळकांडे हाताशी आहे काय, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुरे. आणि एक काम आपल्या शहराचे. जुन्या गाड्यांच्या तारांची जाण असलेले मिस्त्री आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. कोणती तार कोणत्या रंगाची, कोणता आकडा कोणत्या अर्थाचा, हे त्यांना पाठ आहे, पण ते कोठे लिहिलेले नाही. ज्या गावात १८९० साली हुन्नर आणि विद्या एका छपराखाली आणण्यासाठी कलाभवन निघाले, त्या गावाने ही माहिती मराठीत आणि गुजरातीत उतरवून ठेवावी, यात अवघड असे काहीच नाही.

राहता राहिला तो चांदीचा कागद. तो आम्ही फेकला नाही. फ्यूजसकट तो एका काड्यापेटीत घालून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवला आहे. दादाने वर चिठ्ठी लिहिली आहे, ‘नानांची तात्पुरती सोय. पुन्हा वापरू नये.’ नानांनी त्या रात्री आम्हांला घरी सुखरूप आणले, ते याच कागदाच्या जोरावर. त्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत. परंतु घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो काढावयास हवा होता, आणि नानांना आठवण राहिली नाही तर पुढच्यांनी तरी काढावयास हवा होता. आपल्या घरीही ताडपत्रीखाली एखादी गाडी उभी असेल, तर येत्या रविवारी बॉनेट उघडून त्या काळ्या पेटीचे झाकण काढून पाहा. रंगाचे काम नंतर केले तरी चालेल.